गस्ती नौकेची प्रतिकृती तिच्यावर काम केलेल्या माणसासाठी कशी बांधावी

गस्ती नौकेचे स्केल मॉडेल स्वतःच्या संग्रहासाठी बांधणे आणि त्याच नौकेवर तारुण्यातले एखादे वर्ष काढलेल्या माजी नौसैनिकासाठी बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची तयारी किटचा खोका उघडण्याच्या बरीच आधी सुरू होते. मॉडेल बांधणारा माणूस बोट बाहेरून पाहतो. तिचा आकार, रंग, नाळेवरचा (म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा) क्रमांक आणि मशीनगनच्या नळ्या हेच त्याच्या नजरेत भरते. ज्याने तिच्यावर काम केले त्याला मात्र ती आतून ठाऊक असते. आपण कुठे बसत होतो, आधारासाठी हात कुठे ठेवत होतो, काडतुसांचा डबा किती अंतरावर होता, हे त्याला अजून आठवते. म्हणून अशा मॉडेलसाठी जो वेळ द्यायचा त्याचा मोठा हिस्सा डेकवर, म्हणजे बोटीच्या आतल्या भागावर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सगळी पद्धत त्याच मताला धरून मांडली आहे.

उदाहरणासाठी व्हिएतनाम युद्धातली अमेरिकी नौदलाची नदीतली गस्ती बोट, म्हणजे पीबीआर, घेतली आहे. तिची माहिती आणि छायाचित्रे भरपूर आहेत, तिचे १/३५ प्रमाणातले तामिया या जपानी कंपनीचे किट मॉडेलकारांच्या चांगल्या परिचयाचे आहे, आणि तिच्यावर काम केलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या पुढे किंवा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासाठी बोट बांधायची असेल तर ती लवकर बांधली पाहिजे.

आधी बोट नक्की कोणती ते ठरवा

अमेरिकी नौदलाने डिसेंबर १९६५ मध्ये ऑपरेशन गेम वॉर्डन सुरू केले. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातले आणि सायगावच्या जवळच्या रुंग साट या खारफुटीच्या भागातले जलमार्ग शत्रूच्या वाहतुकीला बंद करणे हा त्याचा हेतू होता आणि ते काम टास्क फोर्स ११६ कडे होते. उथळ पाण्यात वेगाने जाणारी बोट तातडीने हवी असल्यामुळे वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम येथील युनिफ्लाइट या कंपनीच्या फायबरग्लासच्या खासगी बोटीच्या रचनेवरून पीबीआर तयार करण्यात आली. तिच्या पहिल्या बोटी मार्च १९६६ मध्ये व्हिएतनाममध्ये पोहोचल्या. पहिला प्रकार, म्हणजे मार्क १, ३१ फूट लांब होता. नंतर आलेला मार्क २ हा ३२ फूट लांब आणि सुमारे एक फूट अधिक रुंद होता. १/३५ प्रमाणात हा फरक लांबीत जेमतेम ९ मिलिमीटरचा भरतो, त्यामुळे तो डोळ्यांना चटकन दिसत नाही. डोळ्यांना दिसतो तो काठाचा फरक. झडतीसाठी थांबवलेले सांपान, म्हणजे तिथल्या लोकांच्या लहान होड्या, रोज बाजूला लागून लागून मार्क १ च्या फायबरग्लासच्या कडा घासून खराब होत, म्हणून मार्क २ च्या काठाला ॲल्युमिनियमची पट्टी दिली गेली. तामियाचे किट मार्क २ चे आहे. ज्याने १९६६ मध्ये मार्क १ वर काम केले त्याच्यासाठी ते जसेच्या तसे बांधून चालणार नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

त्याहून मोठी गफलत पीबीआर आणि स्विफ्ट बोट यांच्यात होते. स्विफ्ट बोट, म्हणजे पीसीएफ, ही ५० फुटांची ॲल्युमिनियमची बोट. ती मुळात ऑपरेशन मार्केट टाइमसाठी किनाऱ्यावरच्या गस्तीला आणली गेली होती आणि पुढे नद्यांमध्येही शिरली. तिच्यावर एक अधिकारी आणि पाच नाविक असत, तर पीबीआरवर साधारण चार जण असत आणि बोटीचा प्रमुख बहुधा पेटी ऑफिसर, म्हणजे अधिकारी नसलेला वरिष्ठ नाविक, असे. घरच्यांना अनेकदा एवढेच माहीत असते की आजोबा व्हिएतनाममध्ये ‘नदीतल्या बोटीवर’ होते. तेवढ्या माहितीवर किट विकत घेऊ नये. सेवेच्या कागदपत्रांवर तुकडीचे नाव असते, आणि ‘रिव्हर सेक्शन’ किंवा ‘रिव्हर डिव्हिजन’ असे शब्द तिथे दिसले तर बोट बहुतेक पीबीआर असते.

प्रसिद्ध बोटीचा मोहही टाळावा. ३१ ऑक्टोबर १९६६ च्या चकमकीसाठी जेम्स इलियट विल्यम्स यांना मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला आणि त्यांची १०५ क्रमांकाची बोट त्यामुळे सर्वांना ठाऊक झाली. तो क्रमांक लावलेले मॉडेल संग्रहात शोभून दिसेल, परंतु दुसऱ्या बोटीवर राबलेल्या माणसाच्या हाती ते देण्यात काहीच अर्थ नाही. त्याला त्याच्या स्वतःच्या बोटीचा क्रमांक हवा असतो. तो त्याला आठवत नसेल तर त्याच्या जुन्या छायाचित्रांत नाळेवर शोधावा, आणि तिथेही सापडला नाही तर नाळ क्रमांकाविना ठेवावी. अंदाजाने घातलेला क्रमांक हा कुणा दुसऱ्याच्या बोटीचा असतो.

त्याला काय विचारावे आणि काय विचारू नये

मॉडेलसाठी लागणारी सर्वांत मोलाची माहिती त्या माणसाकडेच असते, पण ती काढून घेण्याची रीत आहे. ‘युद्ध कसे होते’ असे विचारू नये. ‘किती चकमकी पाहिल्या’, ‘कोणी दगावले का’ हे तर मुळीच विचारू नये. वस्तूंबद्दल विचारावे. पाण्याचे कॅन कुठे बांधलेले असत, छताचे कापड लावलेले असे की गुंडाळलेले, जेवण डेकच्या कोणत्या भागात बसून होई, रात्रीच्या गस्तीत झोप आलीच तर माणूस कुठे टेकत असे, अशा प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात, आणि ती देताना त्याला जे सांगावेसे वाटेल ते तो आपणहून सांगतो. आपण ऐकून घ्यावे, टिपून ठेवावे आणि जे सांगितले नाही त्याच्या मागे लागू नये.

पीबीआरचा दिवस कसा असे हे आधी माहीत असले तर प्रश्न नेमके होतात. बोटी सहसा दोन-दोनच्या जोडीने निघत आणि गस्त बारा तास किंवा त्याहून अधिक चाले. बहुतेक वेळ चकमकीत जात नसे. तो सांपान थांबवण्यात, कागदपत्रे तपासण्यात, तांदळाची पोती आणि माशांच्या टोपल्या उपसून पाहण्यात आणि रात्रीची संचारबंदी राबवण्यात जाई. रात्री कधी इंजिन बंद करून काठाजवळ बोट प्रवाहावर सोडून दिलेली असे. असे तास म्हणजे चार माणसांचा एका छोट्या डेकवरचा संसारच, आणि त्या संसाराच्या खुणा मॉडेलवर आणणे हेच आपले काम आहे.

मी ज्या नौसैनिकासाठी अशी बोट बांधली तो पुढच्या गन टबमध्ये, म्हणजे नाळेकडच्या मशीनगनच्या गोल कठड्याच्या खळग्यात, बसत असे. रंगाबद्दल आणि रडारबद्दल विचारलेल्या प्रश्नांना त्याने थोडक्यात उत्तरे दिली, पण टबच्या कडेबद्दल मात्र तो बराच वेळ बोलला. उन्हात ती कड इतकी तापत असे की तिच्यावर उघडा कोपर टेकवता येत नसे, म्हणून तो आपले फ्लॅक जॅकेट (अंगात घालायचे चिलखती जाकीट) घडी करून तिथे टाकून ठेवी, आणि ते जॅकेट अंगात का नाही यावरून बोटीचा प्रमुख त्याला रोज बोलत असे. हा तपशील कोणत्याही आराखड्यात किंवा संग्रहालयात सापडणार नाही. इपॉक्सी पुट्टीचा पातळ पापुद्रा लाटून, त्याची घडी घालून आणि टबच्या कडेवर ओला असतानाच दाबून बसवून ते जॅकेट तयार होते. त्याला अर्धा तास लागतो, आणि सगळ्या बोटीवर त्याच्या इतके मोलाचे दुसरे काही नव्हते.

छायाचित्रे वाचताना

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि नौदलाच्या इतिहास विभागाकडे या बोटींची छायाचित्रे मोठ्या संख्येने आहेत. त्यांतली रचना आणि शस्त्रे विश्वासाने पाहावीत, रंग मात्र जपून पाहावेत. त्या काळच्या एक्टाक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइड वर्षे उलटल्यावर तांबूस पडतात आणि त्यांत हिरवा रंग तपकिरीकडे झुकलेला दिसतो. कोडाक्रोम या दुसऱ्या फिल्मची स्लाइड अंधारात जपली असेल तर तिचा रंग पुष्कळच टिकून असतो. माणसाच्या घरच्या अल्बममधली छापील छायाचित्रे उन्हाने फिकी झालेली असतात. म्हणून एकाच छायाचित्रावरून हिरव्याची छटा ठरवू नये. त्याच चित्रातली ओळखीची वस्तू, उदाहरणार्थ ध्वजाचा पांढरा पट्टा, मूळ रंगापासून किती सरकली आहे ते पाहावे आणि तेवढी दुरुस्ती मनातल्या मनात हिरव्यावर करावी.

त्याची स्वतःची छायाचित्रे मिळाली तर मूळ प्रत घरी नेऊ नये. तिथेच बसून, त्याच्या देखत, खिडकीच्या उजेडात मोबाइलने चित्र काढून घ्यावे आणि प्रत लगेच परत द्यावी.

डेकपासून सुरुवात

किटच्या सूचनापत्रात सहसा आधी तळ आणि बाजू जोडायला सांगितलेले असते. त्या क्रमाला हरकत नाही, परंतु बोट वरून बंद होण्याआधी आतला सगळा भाग रंगवून पूर्ण करावा, कारण नंतर चालकाच्या जागेत किंवा टबच्या तळाशी ब्रश पोहोचत नाही. हा आतला भाग तीन तुकड्यांत विभागून घेतला तर काम सोपे होते: पुढचा टब, चालकाची जागा आणि इंजिनांवरच्या झाकणांपासून मागच्या मशीनगनपर्यंतचा डेक.

पुढच्या टबात पॉइंट ५० कॅलिबरच्या दोन एम २ मशीनगन एकत्र बसवलेल्या असतात. खऱ्या एम २ ची लांबी सुमारे १.६५ मीटर, म्हणजे १/३५ प्रमाणात ४७ मिलिमीटर. किटमधल्या नळीचे तोंड भरीव असेल तर ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने ते पोखरावे. नळीभोवतीच्या आवरणाची भोके नुसत्या काळ्या वॉशने (खोलगट जागी साचणाऱ्या अति पातळ रंगाने) दाखवण्यापेक्षा धातूची कोरीव नळी वापरली तर फरक लगेच जाणवतो. बंदुकीला निव्वळ काळा रंग देऊ नये. गडद करडा रंग द्यावा आणि कडांवर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटाने हलकेच घासावी. रोज तेल लावलेल्या, रोज हाताळलेल्या पोलादाची चमक अशीच दिसते. या माणसांनी आपली शस्त्रे रोज उघडून साफ केली होती, आणि गंजलेली एम २ पाहून त्यांना वाईट वाटेल.

झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या दाखवायच्या असतील तर माप सांभाळावे. पॉइंट ५० ची पुंगळी ९९ मिलिमीटर लांब असते आणि तिच्या बुडाची जाडी सुमारे २० मिलिमीटर असते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार पावणेतीन मिलिमीटरच्या तुकड्यांत कापली की पुंगळ्या तयार. त्या मूठभर विखरू नयेत. गस्तीवरची बोट नीट ठेवलेली असे, कारण पायाखाली पुंगळी आली तर माणूस घसरतो. टबच्या तळाशी कोपऱ्यात राहून गेलेल्या दोन-तीन पुंगळ्या पुरेशा आहेत.

मधल्या भागात इंजिनांची झाकणे असतात. त्यांच्या वरच्या बाजूला चिलखती पत्र्याच्या आडोशाला एम ६० मशीनगन किंवा ग्रेनेड लाँचर बसवलेला असे. हीच झाकणे जेवणाचे टेबल, बसण्याचा बाक आणि सामान ठेवण्याची फळी अशी सगळी कामे करत. म्हणून इथला रंग कडांना आणि मध्यावर जास्त झिजलेला असावा. डेकवर पाय घसरू नये म्हणून खरखरीत थर असे. तो दाखवण्यासाठी प्रायमर ओला असताना बारीक गाळलेली टाल्कम पावडर भुरभुरावी, वाळल्यावर मऊ ब्रशने जास्तीची झाडून टाकावी आणि मग रंग द्यावा. जिथे माणसे सतत पाय ठेवत, म्हणजे चालकाच्या उभे राहण्याच्या जागी आणि मागच्या मशीनगनच्या खांबाभोवती, तिथे हा खरखरीतपणा बारीक सँडपेपरने किंचित उतरवावा. एवढ्या बारकाव्याची गरज काय असे वाटू शकते, परंतु ज्याने त्या खांबाभोवती रात्रभर पाय बदलत उभे राहून गस्त घातली आहे, तो नेमके तिथेच पाहतो.

सामान ठेवताना त्याने सांगितलेलेच ठेवावे. किटमधले सगळे डबे, हेल्मेट आणि पिशव्या मोकळ्या जागा भरण्यासाठी वापरण्याची सवय मॉडेलकारांना असते. ती इथे उपयोगाची नाही. काडतुसांचे डबे, पाण्याचा कॅन, रेशनचे खोके, दोरांची वेटोळी आणि बोटहूक यांपैकी प्रत्येक वस्तू एखाद्या कारणाने एखाद्या जागी असे. दोर किटमधला प्लास्टिकचा न वापरता सुती धाग्याचा करावा, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवून वेटोळे घालावे आणि ते स्वतःच्या वजनाने डेकवर बसू द्यावे.

बाहेरचा भाग, रंग आणि गंज

जो दोष मी सर्वांत जास्त वेळा पाहतो तो गंजाचा. युद्धनौका म्हटली की नांगराच्या भोकाखाली आणि पाणरेषेवर तपकिरी ओघळ काढायचे, ही सवय पोलादी जहाजांच्या मॉडेलमधून आलेली असते. पीबीआर फायबरग्लासची होती. फायबरग्लास गंजत नाही, काठाची ॲल्युमिनियमची पट्टीही गंजत नाही. गंज दिसायचाच तर नांगरावर, साखळीवर, एखाद्या बिजागरीवर किंवा पोलादी डब्याच्या कोपऱ्यावर, आणि तोही टिपक्याएवढा. बाजूंवर गंजाचे ओघळ असलेले मॉडेल पाहिले की त्या बोटीवर राहिलेल्या माणसाला बांधणाऱ्याने बोट काय होती हेच समजून घेतले नाही, हे एका नजरेत कळते.

या बोटीवर खरोखर दिसणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. नदीचे पाणी गाळाचे असे, त्यामुळे पाणरेषेच्या वर फिकट तपकिरी पातळ थर सुकलेला दिसे. तो तेलरंगाच्या अगदी पातळ वॉशने, आडव्या रेषेत आणि खालून वर विरळ होत जाईल असा द्यावा. काठावर, सांपान ओढून जवळ घेतले जात त्या मधल्या भागात, रंग घासला जाऊन ॲल्युमिनियम उघडे पडत असे. त्यासाठी पट्टीवर आधी चांदीसारखा रंग, त्यावर हेअरस्प्रेचा थर आणि मग हिरवा रंग द्यावा. पाण्याने ओलसर केलेल्या ताठ ब्रशने घासले की हिरवा रंग खऱ्यासारखा सुटतो. घासण्याची दिशा आडवी ठेवावी, कारण सांपान बाजूने सरकत येई आणि सरकतच दूर जाई.

हिरवा रंग बाटलीतला जसाच्या तसा देऊ नये. लहान प्रमाणात कोणताही रंग खऱ्यापेक्षा गडद भासतो. मूळ रंगात थोडा फिकट पिवळसर-करडा मिसळून पहिला थर द्यावा, आणि वर उन्हाने विटलेल्या आडव्या पृष्ठभागांसाठी तोच रंग आणखी एक पायरी फिका करून एअरब्रशने धुक्यासारखा फवारावा. शेवटी सगळ्यावर मॅट वॉर्निश द्यावे. डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील अंक आणि चिन्हे) लावण्याआधी मात्र पृष्ठभाग चकचकीत वॉर्निशने गुळगुळीत करून घ्यावा, नाहीतर डीकलच्या पारदर्शक कडेखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतो आणि नाळेवरच्या पांढऱ्या क्रमांकाभोवती तो फारच खुपतो.

बोटीच्या मागच्या टोकाला पंखे आणि सुकाणूची पाती नसतात, हेही विसरू नये. दोन डेट्रॉइट डिझेल इंजिने जकुझी कंपनीचे पंप फिरवत. पंप बोटीच्या तळातून पाणी ओढून मागच्या नळकांड्यांतून जोराने बाहेर फेकत, आणि त्या नळकांड्यांची तोंडे वळवून बोट वळवली जाई. तोंडांवर झाकणे पाडली की पाण्याचा झोत पुढे वळे आणि पूर्ण वेगातली बोट आपल्याच काही लांबींत थांबे. पाणवनस्पती आणि दोऱ्या पंपाच्या तोंडाशी अडकत, आणि त्या काढायला कुणीतरी पाण्यात उतरे. ज्याच्यासाठी बोट बांधतो आहोत तो इंजिनमन असेल तर मागची नळकांडी आणि तळाची जाळी हीच त्याची जागा आहे, आणि मॉडेल अशा स्टँडवर बसवले पाहिजे की त्याला बोट उचलून ती जागा पाहता येईल.

ध्वज, अँटेना आणि माणसे

ध्वजाचा काळ तपासावा. अमेरिकी दलांच्या बोटींवर पन्नास ताऱ्यांचा ध्वज असे. पुढे बोटी दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाकडे सोपवल्या गेल्या आणि त्यांच्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन लाल पट्ट्यांचा ध्वज आला. तो माणूस शेवटच्या काळात सल्लागार म्हणून त्या बोटीवर असेल तर अमेरिकी ध्वज चुकीचा ठरतो. ध्वज पातळ टिश्यू कागदावर छापून, मागून पातळ गोंद लावून, ओला असतानाच ब्रशच्या दांड्यावर त्याला घड्या द्याव्यात. बोट उभी असेल तर तो खाली लोंबता ठेवावा.

उंच अँटेना किटच्या स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचा, तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढल्यास छान बारीक होतात, परंतु ज्या घरात मॉडेल हाताळले जाणार आहे तिथे मी लवचीक पोलादी तार वापरतो आणि ती चिकटवत नाही. बुडाशी छोटे भोक ठेवून नुसती खोचतो. वय झालेल्या माणसाचा हात थोडा थरथरतो, नजरेचा खोलीचा अंदाज चुकतो, आणि तो बोट जवळ घेऊन आत डोकावणारच आहे. मोडलेली अँटेना पाहून त्याला अपराधी वाटावे अशी वेळ आपण येऊ देऊ नये. याच कारणाने टोकदार आणि नाजूक भाग काठाच्या बाहेर ठेवू नयेत.

माणसांच्या आकृत्या ठेवायच्या की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. १/३५ मधली माणसाची आकृती सुमारे पाच सेंटिमीटर उंच असते, आणि तिला चेहरा असतो. जो सोबती परत आला नाही त्याच्या जागी आपण एक अनोळखी चेहरा बसवतो आहोत, हे लक्षात असू द्यावे. अनेकांना रिकामी बोटच आवडते. आकृत्या हव्या असतील तर काळ्या बेरे टोप्या, उघडी डोकी, बाह्या दुमडलेले गणवेश हे त्याच्या छायाचित्रांतून घ्यावे आणि उभे राहण्याच्या ढबी साध्या ठेवाव्यात. गोळ्यांची भोके, जखमी माणसे, रक्त हे त्याने स्वतः मागितल्याखेरीज कधीही दाखवू नये.

सांपानसह देखावा करण्याचा विचार असेल तर त्यातली व्हिएतनामी कुटुंबेही तितक्याच काळजीने रंगवावीत. ती नदीवर पोट भरणारी, झडतीसाठी थांबवली गेलेली माणसे होती, आणि त्या काळात नदीवर असलेल्या नौसैनिकाला त्यांचे चेहरे अनेकदा चकमकींपेक्षा जास्त लक्षात राहिलेले असतात.

पाणी आणि तळफळी

पाण्यातला देखावा करायचा झाल्यास वेग आधी ठरवावा. उभी बोट पाण्यात सुमारे दोन फूट बुडते, म्हणजे मॉडेलवर १७ मिलिमीटर. वेगात ती नाळ उचलून पाण्याच्या पृष्ठावर सरकते आणि मग पाणी तिच्या मागच्या भागालाच लागलेले दिसते. वेगातला देखावा दिसायला आकर्षक असतो, पण फेस आणि तुषार पटण्यासारखे करणे कठीण आहे, आणि चार माणसे कशाला तरी घट्ट धरून असलेली दाखवावी लागतात. संथ पाण्यातली, बांधून ठेवलेली बोट मला अधिक योग्य वाटते, कारण तिच्या डेकवर नजर थांबते. पाण्यासाठी वापरायचे रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) एकदम जाड ओतू नये. दोन-तीन मिलिमीटरचा एक थर पूर्ण घट्ट झाल्यावरच पुढचा ओतावा, नाहीतर उष्णता साठून रेझिन पिवळे पडते किंवा तडकते. मेकाँगचे पाणी गढूळ तपकिरी असते, त्यामुळे पारदर्शकतेच्या मागे लागण्याचे कारण नाही. तळाच्या थरालाच मातकट रंग द्यावा आणि वरचा एकच थर स्वच्छ ठेवावा.

तळफळी जड लाकडाची आणि बोटीपेक्षा चारही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर मोठी असावी, म्हणजे उचलताना हात फळीला लागतो, बोटीला लागत नाही. नामपट्टीवर बोटीचा क्रमांक, तुकडी, नदी किंवा तळाचे नाव आणि वर्षे एवढे पुरे. अक्षरे ठळक आणि मोठी, गडद पार्श्वभूमीवर फिकट असावीत. चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. पट्टीवर ‘शूर’, ‘वीर’ असे शब्द आपण होऊन घालू नयेत. सोबत्याचे नाव घालावे असे त्याने म्हटले तर त्याच्याकडून नावाचे अचूक लेखन कागदावर लिहून घ्यावे आणि कोरण्याआधी एकदा त्याला वाचून दाखवावे. पट्टी दोन स्क्रूंनी बसवावी, कारण नाव घालण्याची इच्छा कित्येकदा मॉडेल घरी आल्यावर काही महिन्यांनी होते.

सुपूर्द करताना

वर ॲक्रिलिकचे झाकण असावे, ते उचलून बाजूला ठेवता येईल असे, आणि मॉडेल थेट उन्हाच्या जागी ठेवू नये हे घरच्यांना सांगावे. ठेवण्याची उंची महत्त्वाची आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या बोटीचा फक्त तळ दिसतो. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला ठेवली तर डेक समोर येतो.

मॉडेल हाती देताना आपण काय काय केले याची यादी सांगत बसू नये. झाकण काढून द्यावे आणि त्याला पाहू द्यावे. मघाशी उल्लेख केलेल्या नौसैनिकाने माझ्या हिरव्या रंगाकडे, क्रमांकाकडे किंवा मशीनगनकडे पाहिलेच नाही. त्याने फळी फिरवून नाळ स्वतःपासून दूर केली, मान वाकवून टबच्या मागून पुढे पाहिले, आणि म्हणाला की रेशनचा खोका डाव्या बाजूला असे. खोका सायनोॲक्रिलेट या झटपट गोंदाच्या दोन थेंबांवर बसवलेला होता. तो तिथल्या तिथे काढून डावीकडे लावता आला. अशी दुरुस्ती हीच त्याची दाद असते, म्हणून सुटे सामान डेकवर कायमचे पक्के करू नये, आणि सुपूर्द करायला जाताना चिमटा, गोंद, बारीक ब्रश आणि मिसळलेल्या हिरव्या रंगाची छोटी बाटली सोबत न्यावी. परत येताना ती बाटली, दोन जादा अँटेना आणि किटमधली उरलेली छोटी सामग्री लेबल लावलेल्या डबीत घालून घरच्यांकडे ठेवून यावे, म्हणजे पुढे काही मोडले किंवा आणखी काही आठवले तर ते बसवायला लागणारे सामान तिथेच असेल.